"काही होत नाही ताई, सगळे सोबत राहतात"

आज जळगावात माशांचं खाद्य आणायला गेलो आणि डोकं फिरवून घेऊन घरी आलो.

दुकानात एक ताई, सोबत सात-आठ वर्षांची पोरगी. नवी कोरी दोन फुटी टाकी घेतलेली. पोरगी बोट दाखवेल तो मासा दुकानदार जाळीने उचलून पिशवीत टाकतोय. गप्पी, टायगर बार्ब, एक एंजल, गोल्डफिशची जोडी, वर ऑस्करचं पिल्लू. ताईंनी बिचाऱ्यांनी विचारलं, "भांडणार नाहीत ना हो?" तर म्हणे, "काही होत नाही ताई, सगळे सोबत राहतात."

कुठे राहतात? पैसे मोजून होईपर्यंत राहतात!

टायगर बार्ब एंजलचे लोंबते पर कुरतडल्याशिवाय राहत नाही. अंगठ्याएवढा दिसणारा तो ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते गिळतो, म्हणजे गप्पी आधी. गोल्डफिशला गार पाणी लागतं. इथे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी, आणि वर लाईट गेली की पंप बंद. झालं.

अमळनेरच्या माझ्या मेव्हण्याला असाच एकाने "शार्क" विकला होता. बोटाएवढा, चंदेरी, रुबाबदार. शार्क कसला, खायला विकतात तो पंगास! मोठा झाला की मीटरभर. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत पाणी असतं जेमतेम पन्नास लिटर. संध्याकाळी ट्यूब लावली की तो दचकायचा आणि धाडकन काचेवर आदळायचा. थोबाड सोलून पांढरं पडलं होतं. भाचा ट्यूब लावायलाच घाबरायला लागला.

दुकानदाराचंही पोट आहे, मान्य. पण "टाकी केवढी आहे?" एवढं विचारायला काय पैसे पडतात?

कुणी म्हणेल, आमच्याकडे एंजल आणि चिमुकले निऑन मासे गुण्यागोविंदाने राहतात. राहतात, एंजल लहान असेपर्यंत. पुढे एखाद्या सकाळी निऑन मोजा.

मेव्हण्याला तर एकाने सल्ला दिला, "बोरी नदीत सोडून दे ना भाऊ, पुण्य लागेल." कसलं पुण्य? काच साफ करतो म्हणून आणलेला सकर असाच लोकांनी सोडला, आता देशात कितीतरी नद्या-तलावांत पसरलाय. आपल्या माशांनी जायचं कुठे? शेवटी मेव्हण्याने शेततळंवाल्या मित्राला तो पंगास दिला. तिथे तरी त्याला वळायला जागा आहे.

असो. आज मला राहवलं नाही, मध्ये तोंड घातलं. दुकानदाराने असं बघितलं की पुढच्या वेळी खाद्य मिळतंय की नाही कोण जाणे. पण ताईंनी ऐकलं. ऑस्कर, बार्ब, एंजल, गोल्डफिश, गप्पीसकट सगळे परत. पोरगी हिरमुसली, मग मॉलीच्या काळ्या मखमली रंगावर खूश झाली. गोड पोर आहे.

आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक जड, म्हणजे क्षार जास्त. गप्पी, मॉली, प्लॅटीला तेच मानवतं, निऑनला मऊ पाणी लागतं. गप्पीचे नुसते नर घ्या, नाहीतर पिल्लांनी टाकी भरते. झेब्रा डॅनिओ तर आपल्याच देशातला, चपळ आणि काटक, पण सहा-सातच्या घोळक्यात ठेवा. आणि मासे एका दिवसात भरू नका हो! फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू वाढायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर माशांच्या घाणीचा अमोनियाच त्यांना मारतो. ताईंना तेच सांगितलं, म्हणून आज फक्त दोन मॉली गेल्या.

आता कमेंटमध्ये "मासेच आहेत रे, एवढं काय" लिहायला येऊ नका. ट्यूबला घाबरणारं पोर मी पाहिलंय.

माझ्याकडे गप्पीची पिल्लं भरपूर झालीत. जळगाव-भुसावळात कुणाला हवी तर फुकट देतो. आधी टाकीचा फोटो पाठवा, आत कोण कोण आहे ते दिसेल असा.