आधी तू खा

आज मेडिकलमध्ये माझ्या पुढे एक काकू उभ्या होत्या. दबक्या आवाजात विचारत होत्या, "चव न लागणारी गोळी येते का हो? चहात टाकली तर कळायला नको." काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पेशंट घेत नाही का? डॉक्टरांकडून ड्रॉप्स लिहून आणा, वरणात कळत नाहीत." मी माझी औषधं न घेताच घरी आले. आत्ता लिहिलं नाही तर झोप लागणार नाही.

आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं. दादाला स्किझोफ्रेनिया आहे हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. तो गोळ्या घेईना, म्हणून आई दोन चमच्यांमध्ये गोळी दाबून भुकटी करायची आणि त्याच्या वरणात ढवळायची. वाट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून त्याच्या वाटीच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. तो मी लावला होता.

एका रात्री वाटीच्या तळाशी पांढरा साका राहिला. दादाने बोटावर घेऊन पाहिला, वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, "आधी तू खा."

मी खाल्लं नाही.

त्यानंतर चार महिने त्याने घरात शिजलेलं काही तोंडात घातलं नाही. केळी, संत्री आणि अंडी, तीही स्वतः उकडून स्वतः सोललेली. जेवणात कुणीतरी काहीतरी मिसळतंय हा त्याचा संशय आजारातलाच आहे, असं आम्ही डॉक्टरांना सांगत होतो. आणि आम्ही खरंच मिसळत होतो! त्याचा भास आम्ही खरा करून दाखवला.

"पेशंटला कळत नसतं" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. त्याला सगळं कळत होतं. हात थरथरतात, लाळ गळते, तबल्यावर बोटं उठत नाहीत, हे तो महिनोन् महिने सांगत होता. आम्ही एकच विचारायचो, "गोळी घेतलीस का?"

हो, जबरदस्ती करावीच लागते अशी वेळ येते. आमच्यावरही आली. तीन रात्री झोप नाही आणि चौथ्या दिवशी तो हायवेवर गाड्यांसमोर चालत गेला. तेव्हा त्याला भरती केलं, त्याचा मला पश्चात्ताप नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही त्याची तरतूद आहे, पण एका मानसोपचारतज्ज्ञासह दोघा जणांनी स्वतंत्रपणे तपासल्यावर आणि सुरुवातीला ३० दिवसांपर्यंतच. ती एका दिवसाची गोष्ट होती. वरण रोजचं होतं.

मावसभाऊ म्हणतो, इंग्लंडसारखा कायदा हवा, घरी सोडलेल्या पेशंटला उपचार घ्यावेच लागतील असा. तिथे तो २००८ पासून आहे. २०१३ मध्ये तिथल्याच संशोधकांनी पाहिलं, तर असा हुकूम असलेल्यांतले वर्षभरात ३६ टक्के पुन्हा भरती झाले होते, आणि त्याऐवजी नुसत्या रजेवर सोडलेल्यांतलेही ३६ टक्केच. मग हुकमाने मिळवलं काय?

आमच्याकडे फरक पडला तो एका समाजसेविकेमुळे. त्या घरी आल्या, आईशी न बोलता थेट दादासमोर जमिनीवर बसल्या आणि विचारलं, "गोळीचा सगळ्यात जास्त त्रास कशात होतो?" तो म्हणाला, "तबल्यात." डॉक्टरांनी औषध बदललं, डोस हळूहळू कमी केला. आता डबी त्याच्या कप्प्यात असते. कधी दोन दिवस चुकवतो. मला धास्ती वाटते, तरी मी डबी मोजत नाही.

पुन्हा बिघडलं तर कसे उपचार हवेत आणि कसे नकोत, हे आधीच लिहून ठेवता येतं, आपल्या वतीने बोलणारा माणूसही स्वतः निवडता येतो. हेही आपल्या २०१७ च्याच कायद्यात आहे आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं! दादाने लिहिलं, "चार जणांनी धरू नका. आधी मला सांगा." माणूस म्हणून त्याने मावशीचं नाव घातलं, माझं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. त्याला का म्हणून विचारलं नाही. वाटी मला आठवत होती.

संध्याकाळी त्याला मेडिकलमधलं सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पेशंट कोण आहे त्यांच्याकडे? मुलगा की मुलगी?"

मी विचारलंच नव्हतं. उद्या त्याच दुकानात जाऊन माझा नंबर ठेवून येते. काकू परत आल्या तर द्यायला सांगते.