'आतून वाटते' म्हणे!

चवथीच्या रात्री म्हापशात पोकरचा डाव मांडला की प्रत्येक जण ज्योतिषी का होतो? टेबलावर सर्वांसाठी उघडायच्या पाचांपैकी चौथे समाईक पान उघडल्यावरही फ्लशला (एकाच चिन्हाच्या पाच पानांना) एक पान कमी असते, न दिसलेल्या 46 पानांत उपयोगाची केवळ 9, म्हणजे शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी. दोन हजारांच्या पॉटवर (मध्ये जमलेल्या पैशांवर) समोरच्याने आपले शेवटचे दोन हजार लावलेले असताना कॉल, म्हणजे तेवढेच पैसे लावून डावात राहणे, परवडण्यासाठी ही शक्यता 33 टक्के हवी (एकूण सहा हजारांसाठी आपले दोन हजार), तरीही आमचे महाशय 'आतून वाटते' म्हणून पैसे पुढे लोटतात! तासभर पाने टाकून देणारा माणूस अचानक रेझ करतो, म्हणजे पैज वाढवतो, तेव्हा त्याच्या हाती कोणकोणती दोन पाने संभवतात, याचा विचार कोणी करायचा, मखरातल्या गणपतीने? आणि चुकून फ्लश लागलाच (पाचांत एकदा लागणारच), तर पुढच्या चवथीपर्यंत तेच ऐकायचे!