व्हिव्हियन वेस्टवूडबाईंची कात्री

२९ डिसेंबर २०२२ ला ब्रिटिश फॅशन डिझायनर व्हिव्हियन वेस्टवूड गेल्या, तेव्हा जिकडेतिकडे एकच मजकूर फिरत होता. पंकची (म्हणजे सत्तरच्या दशकातल्या बंडखोर संगीत-पोशाखाच्या लाटेची) राणी, सेफ्टी पिना, फाटके टीशर्ट, भडक केस. मला वाईट वाटलं. ते सगळं खरंच आहे, पण आम्हा शिवणकाम करणाऱ्यांना विचाराल तर बाईंचं खरं बंड त्यांच्या कात्रीत होतं. त्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नव्हतं.

बाई कामगाराच्या घरातल्या. जन्म १९४१ चा, आई कापडगिरणीत कामाला. कला महाविद्यालय एका सत्रातच सोडलं, कारण आपल्यासारख्या घरातल्या मुलीचं कलेवर पोट कसं भरणार हे कळेना. मग प्राथमिक शाळेत शिकवू लागल्या. १९६२ साली लग्न झालं, त्या लग्नाचा पोशाख त्यांनी स्वतःच शिवला होता. पुढचं शिक्षण घरातच: जुने कपडे आणायचे, उसवायचे, कुठला तुकडा कसा बेतलाय ते बघायचं आणि पुन्हा जोडायचे. १९७१ मध्ये नंतरचा जोडीदार माल्कम मॅक्लारेन याच्याबरोबर लंडनच्या किंग्ज रोडवर दुकान थाटलं आणि पुढचा पंकचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे. त्या काळातल्या एका शर्टावर नाझींचं चिन्ह छापलं होतं, लोकांना हादरवायला म्हणून. ते मला अजिबात पटत नाही. छळछावण्यांत ज्यांची माणसं गेली, त्यांना पुन्हा दुखावून कसलं बंड करायचं?

माझा जीव जडला तो १९८१ च्या 'पायरेट' कलेक्शनवर. पंकच्या आवळलेल्या काळ्या कपड्यांनंतर एकदम हे ढगळ, रंगीत, झुळझुळीत कपडे! त्यातल्या शर्टाचे फोटो मी मोठे करकरून बघितलेत. बाईंनी शेकडो वर्षांपूर्वीच्या पुरुषांच्या शर्टांची बेतणी अभ्यासली होती. त्यात मुंढ्याची, म्हणजे बाही जोडतात तिथली, गोलाई नाही. सरळ कापलेले आयत आणि काखेत चौकोनी तुकडा, त्यामुळे हात वर केला तरी शिवणीवर ताण येत नाही आणि कापडही फारसं वाया जात नाही. आपल्याकडच्या जुन्या पैरणी-अंगरख्यांना काखेत असाच तुकडा असायचा. सगळं जग पुढचं काहीतरी शोधत असताना ही बाई मागे जाऊन कारागिरांनी आधीच सोडवलेली गणितं बघत बसली. मला याहून मोठं धाडस माहीत नाही.

कॉर्सेटचंही तेच. बायकांना शतकानुशतकं आवळून टाकणारा तो प्रकार त्यांनी ताणणारं कापड वापरून पुन्हा बेतला आणि बाईने हौसेने, वरून घालायचा कपडा करून टाकला.

१९८८ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात त्यांचे कपडे दाखवताना प्रेक्षक खिदळत होते. ती क्लिप बघताना आजही माझ्या अंगाची लाही होते. बाई हलल्या नाहीत. हे थांबलं नाही तर पुढची मॉडेल बाहेर पाठवणार नाही, असं त्यांनी तिथेच बजावलं. १९९० आणि ९१, लागोपाठ दोन वर्षं ब्रिटनच्या सर्वोत्तम डिझायनरचा पुरस्कार त्यांनाच मिळाला.

म्हातारपणीही गप्प बसल्या नाहीत. २०१५ मध्ये, वय ७४, जमिनीतून वायू काढण्याच्या फ्रॅकिंगला विरोध म्हणून ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून यांच्या घराकडे चक्क रणगाड्यावर बसून गेल्या.

आणि कपडे विकणारी ही बाई लोकांना सांगायची: कमी घ्या, पारखून घ्या, टिकवून वापरा. त्यांचे महागडे कपडे मला कधीच परवडणार नाहीत, पण हे सांगणं मी मनापासून मानते. माझ्या क्लासला आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी कात्री देत नाही. आईचा किंवा आजीचा जुना ब्लाउज घेऊन ये म्हणते, आणि सांगते, आधी हा उसव.