बॅरिस्टर व्हायचंय, पण आधी 3 दिवस लंडनात राहायचं कुठे?

आपल्याकडे बॅरिस्टर म्हटलं की अजून नाथ पै, अंतुले आठवतात. माझी भाची लेस्टरला वाढलीय, तिला तिकडे खरोखर बॅरिस्टर व्हायचंय आणि दाजी वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करतात. वर्षभर तिचं ऐकून माझं मत झालंय की सगळे स्कॉलरशिपबद्दल बोलतात पण घोडं पेंड खातं दुसरीकडेच.

बार कोर्सची फी 15 हजार पौंडांच्या आसपास. त्यासाठी ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल या चारही इन्स, म्हणजे बॅरिस्टरांच्या लंडनमधल्या जुन्या संस्था, मदत करतात, चांगली करतात, खोटं कशाला बोलू. पण कोर्सनंतर 5 वर्षांत प्युपिलेज मिळवायचं, म्हणजे चेंबर्समध्ये (बॅरिस्टरांचं एकत्र ऑफिस) सीनियरच्या हाताखाली 1 वर्ष काम शिकायचं, त्याच्या जागा सगळ्या देशात वर्षाला 500-600 आणि अर्ज हजारोंनी. पूर्वी म्हणे उमेदवारानेच सीनियरला 100 गिनी मोजायच्या! आता चेंबर्स पैसे देतात, कमर्शियलवाले तर 75 हजार पौंडांच्याही वर, क्रिमिनलवाले बरेचदा नियमाने ठरलेलं किमान तेवढंच.

आता खरी मेख. अर्जात विचारतात मिनी-प्युपिलेज किती केलीत, म्हणजे चेंबर्समध्ये 2-3 दिवस नुसतं मागे मागे फिरून काम बघायचं, बिनपगारी. ज्याची मावशी लंडनात राहते, काका जज्ज आहे, त्याची चार-पाच सहज होतात. हिने तिकीट काढायचं, रात्री कुठे झोपायचं ते बघायचं, वर शनिवार-रविवारची दुकानातली नोकरी सांभाळायची. आणि मग इंटरव्ह्यूत म्हणणार, अनुभव कमी दिसतो!

बाबासाहेब 1922 ला ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, परत आल्यावर सनदेसाठी पैसे नव्हते, ते मित्राने, नवल भथेनांनी दिले. सनद मिळाली, पण मुंबईतले सॉलिसिटर अस्पृश्याला ब्रीफ, म्हणजे केस, देईनात. आज ग्रेज इनमध्ये त्यांच्या नावाची खोली आहे, छानच आहे, भाचीने फोटोही पाठवला. पण मला विचाराल तर खोलीइतकंच गरजेचं आहे मिनी-प्युपिलेजचं गाडीभाडं, आणि ते सगळ्याच चेंबर्सना सक्तीचं करा, काहीजण देतात तसं मर्जीवर नको.

परवा तिला एका चेंबर्सचा मेल आला, 3 दिवस, लंडन. तिने मला अख्खा मेल नाही पाठवला, फक्त शेवटच्या ओळीचा स्क्रीनशॉट: प्रवासखर्च मिळेल. खाली लिहिलंय, मामा, राहायचं बघते कुठेतरी.