हंबनटोटाच्या पलीकडचे जाफना

श्रीलंकेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा हंबनटोटा बंदरापाशी येऊन थांबते. ते २०१७ साली ९९ वर्षांच्या कराराने चिनी कंपनीकडे गेले, म्हणजे भारत मागे पडला, एवढाच तिचा निष्कर्ष असतो. टोरोंटोच्या स्कारबरो भागात श्रीलंकेच्या उत्तरेकडील जाफन्याहून आलेल्या तमिळ कुटुंबांच्या शेजारी राहताना हा हिशेब मला फार अपुरा वाटतो. त्यांच्या बोलण्यात बंदर येत नाही. लष्कराच्या ताब्यातील जमिनी येतात आणि २००९ मध्ये संपलेल्या, श्रीलंका सरकार व तमिळ बंडखोर यांच्यातील युद्धाच्या अखेरीस सैन्याला शरण गेलेली, पुन्हा कधीच न दिसलेली माणसे येतात.

त्या युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत ४० हजारांपर्यंत नागरिक मारले गेले असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये नमूद केले. तरीही मे २००९ मध्ये, युद्ध संपून दहा दिवसही झाले नसताना, जिनिव्हातील मानवी हक्क परिषदेने कोलंबो सरकारची पाठराखण करणारा ठराव २९ विरुद्ध १२ मतांनी मंजूर केला, आणि एरवी एकमेकांवर डोळा ठेवणारे भारत, चीन व पाकिस्तान तेव्हा एकाच बाजूला होते. पुढे भारताने २०१२ व २०१३ मध्ये श्रीलंकेला जाब विचारणाऱ्या अमेरिकेच्या ठरावांना पाठिंबा दिला, तर २०१४ आणि २०२१ मध्ये तो तटस्थ राहिला. चीनला निदान आपली भूमिका बदलावी लागली नाही, कारण ‘अंतर्गत बाब’ हे तत्त्व तिबेट आणि शिनजियांगसाठी त्यालाच हवे असते.

कॅनडाचे मला कौतुक आहे, पण ते निर्भेळ नाही. येथील संसदेने २०२२ मध्ये १८ मे हा तमिळ नरसंहार स्मृतिदिन मानला आणि पुढच्याच जानेवारीत सरकारने श्रीलंकेचे माजी राष्ट्राध्यक्ष महिंदा व गोटाबाया राजपक्षे यांच्यावर निर्बंध घातले. मात्र ऑगस्ट २०१० मध्ये ‘सन सी’ जहाजातून ४९२ तमिळ ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा याच देशाने त्यांच्यापैकी अनेकांना महिनोन्‌महिने कोठडीत ठेवले होते.

भारताची जबाबदारी याहून मोठी आहे. तमिळ बंडखोरांना आपणच प्रशिक्षण दिले, १९८७ मध्ये राजीव गांधी व श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, त्यानंतर तेथे पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेचे सुमारे १,२०० जवान मारले गेले आणि १९९१ मध्ये लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेने राजीव गांधींची हत्या केली. एवढी किंमत मोजून तमिळांच्या पदरात पडलेली एकच घटनात्मक गोष्ट म्हणजे प्रांतिक परिषदा देणारी श्रीलंकेच्या राज्यघटनेतील तेरावी दुरुस्ती. तिच्यातील जमीन व पोलीस यांविषयीचे अधिकार कोलंबोने प्रत्यक्षात कधी सोडले नाहीत, आणि उत्तर प्रांतात २०१३ मध्ये निवडून आलेल्या परिषदेची मुदत २०१८ मध्ये संपल्यानंतर निवडणूकच झालेली नाही. भारताने या दुरुस्तीची आठवण अनेकदा करून दिली आहे. पण २०२२ च्या आर्थिक संकटात सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत देताना प्रांतिक निवडणुकांच्या तारखेचा आग्रह त्या मदतीशी जोडला गेला नाही. हा आग्रह का धरला गेला नाही, हे आपल्या संसदेत आणि आपल्या वृत्तपत्रांत विचारले जायला हवे होते.