बॅकरेस्ट काढतोयस, पण आईला विचारलंस?

मालवणच्या बंदर जेटीजवळच्या कट्ट्यावर संध्याकाळी आम्ही चौघे-पाच जण बसतो. परवा बाबलने आपली रॉयल एनफिल्डची मीटिओर मोटरसायकल आणून समोर लावली आणि खिशातून ॲलन की, म्हणजे षटकोनी भोकाच्या बोल्टची चावी, काढली. मागच्या सीटची बॅकरेस्ट, म्हणजे पाठ टेकायची उशी, काढून टाकायची होती. "पाठसून सोफो बांधल्यासारख्या दिसता," म्हणाला. शिवाय बसताना टांग टाकली की दर वेळी बूट तिच्यात अडकतो.

भाईंनी त्याचीच बाजू घेतली. याच गाडीचं फायरबॉल मॉडेल बॅकरेस्टशिवाय येतं, स्टेलरला ती लावून येते. मग काढली तर बिघडलं काय? कायदाही आड येत नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम मागच्या माणसाला धरायला हँडल मागतो, पाय ठेवायला फुटरेस्ट मागतो, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाला आडोसा मागतो. टेकायला पाठ मागत नाही. इथपर्यंत मलाही पटलं.

अण्णा एवढंच म्हणाले, "आणि तुझी आवस खय धरतली?"

बाबलची आई नऊवारी नाही, पण साडीच नेसते आणि एका बाजूला बसते. आंगणेवाडीची जत्रा असो की आचऱ्याचं माहेर. डावीकडे पाय सोडून बसलं की उजवा हात चालवणाऱ्याच्या खांद्यावर येतो आणि डावा मागे जातो. तो डावा हात काय धरतो, हे आमच्यापैकी कुणीच कधी बघितलं नव्हतं. अण्णांनी मोबाइलचा उजेड पाडला. बॅकरेस्टच्या नळीवर एका जागी काळा रंग उडून गुळगुळीत झाला होता आणि त्याच्या खाली बांगड्यांचे बारीक ओरखडे होते. सीटच्या कडेचं हँडल मात्र नव्यासारखं.

बाबल गप्प झाला. मला तर वाईटच वाटलं. पाय दोन्हीकडे टाकून बसणाऱ्याला ती टेकण असते. चढावर किंवा गाडी झटक्यात पुढे गेली की पाठ तिला लागते. एका बाजूला बसणाऱ्या बाईला तिथं टेकता येतच नाही, उलट ती उशी कमरेला कडेने टोचते. तिच्यासाठी तो धरायचा खांब आहे. आपल्याकडे मागे बसणाऱ्या कितीतरी बाया अशाच बसतात आणि गाडीवर काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवतो पुढे बसणारा. हे मला अजिबात मान्य नाही.

भाई हटले नाहीत. "मग उंच हँडल बसव नि ही काढ," म्हणाले. तेही चुकीचं नाही. पण काढायचीच तर नीट काढ, असं अण्णांनी बजावलं. खाऱ्या वाऱ्यात बोल्ट धरून बसतात. जोर लावलास तर ॲलनचं षटकोनी भोक गोल होऊन जातं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडायचं, चावी पूर्ण आत बसवायची, मग फिरवायचं. दुसरं म्हणजे बोल्टची लांबी. काही गाड्यांत तोच बोल्ट हँडलही धरून असतो आणि त्याची लांबी बॅकरेस्टच्या पट्टीची जाडी धरून दिलेली असते. पट्टी काढून तोच परत आवळला तर तेवढा जास्त आत जातो. मडगार्डखाली तो किती बाहेर येतो ते बघायचं. खड्ड्यात मागचं चाक वर आलं की टायर घासू शकतो. पट्टीच्या जाडीचा वॉशर घालायचा, नाहीतर त्याच आट्याचा आखूड बोल्ट.

"गाडी हलकी तरी होतली," बाबलचा शेवटचा प्रयत्न.

"एकशे एक्याण्णव किलोची गाडी रे ती!" अण्णा म्हणाले.

चावी खिशात गेली. रविवारी तो आईला घेऊन आचऱ्याला जाणार आहे. परतताना कट्ट्यावर थांबून तिलाच उभ्या गाडीवर बसवायचं आणि हँडल किती उंचीवर हवं ते तिच्या हाताने दाखवून घ्यायचं, असं ठरलंय. तोवर बॅकरेस्ट जागेवर.