रक्तगटावरून पितृत्व ठरवणाऱ्यांना उत्तर

‘मुलाचा रक्तगट आई किंवा वडील यांच्यापैकी एकाचाच असतो, तसा नसेल तर ते मूल त्या बापाचे नाही’, असे सांगणारा संदेश व्हॉट्सॲपवरून माझ्या भाचीच्या सासरी पोहोचला. भाचीचा गट ‘बी’, जावयांचा ‘ए’ आणि बाळाचा ‘ओ’. एवढ्यावरून घरात कुजबुज सुरू झाली, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

रक्तगटाची दोन जनुके असतात, एक आईकडून आलेले आणि एक वडिलांकडून. ‘ए’ व ‘बी’ प्रभावी आहेत, ‘ओ’ त्यांच्यामागे झाकले जाते. त्यामुळे ‘ए-ए’ आणि ‘ए-ओ’ या दोन्ही व्यक्तींच्या अहवालात केवळ ‘ए’ असेच लिहिलेले असते. वडील ‘ए-ओ’ आणि आई ‘बी-ओ’ असतील, तर मूल चारांपैकी कोणत्याही गटाचे होऊ शकते आणि प्रत्येक खेपेस ‘ओ’ची शक्यता एक चतुर्थांश असते. जर्मन गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी हे गणित 1924 साली मांडले आहे. शिवाय एक पालक ‘एबी’ व दुसरा ‘ओ’ असल्यास मुले सामान्यतः ‘ए’ किंवा ‘बी’ होतात, म्हणजे आईवडिलांपैकी कोणाचाच गट त्यांना मिळत नाही. संदेशातला नियम मानायचा, तर अशा प्रत्येक जोडप्यातील आईला व्यभिचारी ठरवावे लागेल! एका स्त्रीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवणारा मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी कोणाला एवढेही विचारावेसे वाटले नाही, याची चीड येते.

आईवडील दोघेही पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह, हेही याच कारणाने घडते: ‘निगेटिव्ह’चे जनुक ‘पॉझिटिव्ह’च्या मागे झाकलेले असते.

काही जोड्या सहसा जुळत नाहीत, हे मात्र मान्य करावे लागेल: ‘ओ’ व ‘ओ’ आईवडिलांना ‘ए’ गटाचे मूल साधारणपणे होत नाही. तरीही मुंबईच्या डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1952 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये वर्णन केलेला बॉम्बे रक्तगट येथे लक्षात घ्यावा. प्रतिजन म्हणजे पेशीवरील ओळखखूण; ज्या एच प्रतिजनावर ‘ए’ आणि ‘बी’ प्रतिजने तयार होतात, तेच या व्यक्तींच्या तांबड्या पेशींवर नसते. म्हणून नेहमीच्या तपासणीत त्या ‘ओ’ दिसतात, पण त्यांच्यातील ‘ए’चे जनुक मुलात उतरून प्रकट होऊ शकते. त्यामुळे अशा दुर्मीळ प्रसंगीही आधी रक्तगटाची फेरतपासणी करावी. पितृत्वाचा प्रश्न खरोखरच उभा राहिला, तर त्याचे उत्तर डीएनए चाचणी देते.

पतीपत्नीचा गट एकच असल्यास मुलांत व्यंग येते, हे संदेशातील दुसरे विधान निराधार आहे. काळजी घ्यावी लागते ती आई निगेटिव्ह व बाळ पॉझिटिव्ह असताना, आणि त्यासाठी प्रसूतीनंतर 72 तासांच्या आत आईला अँटी-डी इंजेक्शन दिले जाते.